जर्मनीत डबा आणि फराळाचा व्यवसाय रीतसर सुरू करायचाय : माहिती आणि अनुभव हवेत

पुरणयंत्र
नमस्कार मंडळी,
आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर) आहे, मी त्याच्या मागोमाग कुटुंब म्हणून आले. पुण्यात बँकेत होते. इथे येऊन जर्मन बी-वनपर्यंत (मधल्या पातळीपर्यंत) केलं, पण नोकरीचं काही जमेना. मधल्या काळात मंडळाच्या गणपतीला प्रसादाचा स्वयंपाक केला आणि तेव्हापासून लोक मागे लागलेत. दिवाळीत चकली, शेव, बेसनलाडू. एरवी शुक्रवारी संध्याकाळचा डबा. पोळी, एक उसळ, कोशिंबीर, वरणभात. आत्तापर्यंत ओळखीपाळखीत, सामानाचे पैसे घेऊन चाललंय. पण आता गुजराती, तेलुगू, झालंच तर नवऱ्याच्या ऑफिसातले जर्मनही विचारायला लागलेत. हे असं चोरून केल्यासारखं नको वाटतं.

माझ्या व्हिसावर धंदा करता येतो का? घरच्या ओट्यावर करून विकलं तर चालतं का? कर आणि विम्याचं काय? इथले एक परिचित म्हणाले, अडीच लाख युरो गुंतवणूक आणि पाच जणांना नोकरी दिल्याशिवाय परदेशी माणसाला जर्मनीत धंदाच करता येत नाही. ते ऐकून मी गारच पडले. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

(स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत म्हणे. बहिणीकडून काही सवलत मिळते का तेही सांगा!)

सदाशिवकाका
पुण्यातून वाचतोय. मुलगा डसेलडॉर्फला असल्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. वाचनखूण साठवली आहे. येऊ द्या.

कलमबहाद्दर
आधी त्या परिचितांना माझा नमस्कार सांगा. अडीच लाख आणि पाच नोकऱ्या हा निकष कायद्यातून २०१२ सालीच गेला. त्याआधी तो आणखी मोठा होता, २००५मध्ये दहा लाख युरो आणि दहा नोकऱ्यांपासून सुरुवात झाली होती. पण सल्लागार मंडळींना तो आकडा फार प्रिय आहे. घाबरलेला माणूस फी लवकर देतो.

शिवाय तो निकष होता धंद्यासाठीच परवाना मागणाऱ्यांचा. तुमचा परवाना कुटुंबाचा. तुमच्या कार्डासोबत एक हिरवट घडीचा कागद मिळाला असेल, नाहीतर कार्डावरच मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ओळ असेल. तिथे 'एर्वेर्ब्सटेटिशकाइट एर्लाउब्ट', म्हणजे 'कमाईचं काम करायला परवानगी', असं लिहिलंय का बघा. एर्वेर्ब्सटेटिशकाइट म्हटलं की नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्ही आले. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदारांना साधारण हेच मिळतं. तसं असेल तर आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांच्या कचेरीला) काही विचारायची गरज नाही, थेट गेवर्बेआम्टमध्ये (धंदा-नोंदणीच्या कचेरीत) जाऊन नोंदणी करा. गावागणिक वीस ते साठ युरो लागतात.

गंमत अशी, की घरात कमावता तो, पण धंद्याची मोकळीक तुम्हाला. त्याच्या कागदावर अमुक कंपनीत अमुक काम एवढंच लिहिलेलं असणार आणि स्वतंत्र व्यवसायाला मनाई. तेव्हा धंदा तुमच्या नावावर, तुमच्या सहीनं, तुमच्या खात्यावर. त्यानं डबे पोचवायला गाडी काढली तर ते घरचं काम. पण बिलं त्याच्या नावानं फाडू नका.

दोन_चाकी
@कलमबहाद्दर, मी बर्लिनला, ब्लू कार्डवर. संध्याकाळी छोटी वेब-कामं घ्यायची आहेत. मग माझं काय?

कलमबहाद्दर
@दोन_चाकी, आउसलेंडरबेहोर्डेकडे जोडधंद्याची परवानगी मागता येते. मूळ नोकरी चालू राहिली पाहिजे आणि कंपनीचं 'हरकत नाही' पत्र जोडलं तर काम सोपं होतं. पण थोडा धीर धरला तर जास्त बरं. ब्लू कार्डवर २७ महिने भरले आणि ए-वन (अगदी पहिल्या पातळीचं) जर्मन असलं, किंवा २१ महिने आणि बी-वन असलं, की कायमचा परवाना मागता येतो. तो हातात आला की काय हवं ते करा. त्या सहा महिन्यांच्या फरकासाठी तरी बी-वन करून टाका.

दुसरं म्हणजे, पुढेमागे नोकरी सोडून एकाच गिऱ्हाइकाचं काम करायला लागलात तर 'तुम्ही धंदेवाले नाहीच, त्यांचे छुपे नोकर आहात' असा प्रश्न उभा राहू शकतो. आयटीतले बरेच लोक इथेच अडकतात.

सदाशिवकाका
मुलाचा मित्र तिथे मास्टर्स करतोय, त्याला शिक्षण झाल्यावर कंपनी काढायची आहे. त्याला मार्ग आहे का?

कलमबहाद्दर
आहे काका. जर्मन विद्यापीठातून पदवी घेतली आणि धंदा त्याच विषयाशी संबंधित असला तर नेहमीच्या अटी शिथिल होतात. यंत्र-अभियांत्रिकी शिकून वडापावची गाडी म्हटलं तर मात्र साहेब भुवया उंचावतील.

काळा_वाटाणा
फ्रांकफुर्टजवळ केटरिंग करतो, मूळचा मालवणचा. ताई, आता स्वयंपाकघराकडे वळूया, कारण खरी अडचण तिथेच आहे.

घरी करूच नये असा सरसकट कायदा नाही. युरोपीय संघाच्या खाद्य-स्वच्छतेच्या नियमांत राहत्या घरात नियमित अन्न शिजवून विकणाऱ्यांचा वेगळा उल्लेख आहे. पण जागा घासूनपुसून स्वच्छ ठेवता यावी, हात धुण्याची सोय असावी, कच्चं आणि शिजलेलं वेगळं राहावं, मांजर ओट्यावर नसावी, हे सगळं तपासायला अन्न निरीक्षक येऊ शकतो. न कळवता येतो. आणि त्याआधी घरमालक. भाड्याच्या घरात रोज चाळीस पोळ्यांचा धूर आणि लसणीची फोडणी म्हटल्यावर वरच्या मजल्यावरची आजी पत्र लिहिणारच. मालकाची लेखी संमती नसेल तर घराच्या भानगडीत पडू नका.

बरेच लोक करतात ते असं : गावोगावी खेळाचे, नेमबाजीचे, गाण्याचे क्लब असतात, त्यांच्या इमारतीत स्टीलचं स्वयंपाकघर असतं आणि आठवड्याचे चार दिवस ते रिकामं असतं. नाहीतर एखादं रेस्टॉरंट सोमवारी किंवा मंगळवारी बंद असतं, त्या दिवसापुरतं भाड्यानं घ्यायचं. तिथे धुराडं असतं, दोन बेसिनं असतात, मोठा फ्रिज असतो. निरीक्षकालाही ती जागा ओळखीची असते.

मग आरोग्य खात्याचं शिबिर. संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली एक छोटी माहिती-बैठक होते आणि दाखला मिळतो. काम सुरू करताना तो तीन महिन्यांपेक्षा जुना असता कामा नये, म्हणून फार आधी करून ठेवू नका. जुजबी खर्च असतो. काही शहरांत हे घरबसल्या होतं.

दारू विकणार नसाल तर गास्टश्टेटन-परवान्याची (खानावळीच्या परवान्याची) भानगड नाही. बेकरीच्या मालाचं मात्र जपून. बेकर आणि कॉन्डिटोर (केक-मिठाईवाला) हे इथे मास्टर-पदवीचे धंदे आहेत. डबा, उसळ, भात याला कुणी विचारत नाही. पण उद्या नानकटाई आणि केक हाच मुख्य धंदा केलात तर हांडवेर्क्सकामर (कारागिरांचं मंडळ) दारात येईल. फराळ कुठल्या बाजूला पडतो हे नोंदणीआधी ईमेलनं विचारून लेखी उत्तर घेऊन ठेवा. माझ्या मते तळणाला प्रश्न येऊ नये, पण माझं मत त्यांच्या फायलीत लागत नाही.

खवय्या_म्युन्शेन
हे सगळं ठीक, पण एक विचारू का? इथे आपलीच माणसं एक डबा बारा-तेरा युरोंना देतात. चार पोळ्या आणि मटकी! आपल्याच लोकांना असं लुटायचं? घरगुती अन्न आहे, जरा माणुसकी ठेवा.

काळा_वाटाणा
आला, माझा आवडता प्रश्न आला.

खवय्याराव, २०२६पासून जर्मनीत किमान वेतन तासाला १३ युरो ९० सेंट आहे. म्हणजे मॅकडॉनल्डमध्ये फरशी पुसणाऱ्या पोराला जे तासाला मिळतं त्याहून कमी पैशात तुम्हाला पोळ्या लाटून, मटकी मोड काढून, डब्यात भरून, तुमच्या दारात हवी आहे. मटकीला मोड यायला लागणारे दोन दिवस मी धरतच नाही. त्यात क्लबचं भाडं, पेट्रोल, डबे, विमा, कर. 'आपल्याच लोकांना' म्हणून घासाघीस तुम्ही तुमच्या दंतवैद्याशी करता का?

ताई, तुम्हाला सांगतो. मंडळातल्या गिऱ्हाइकावर सुरुवात होते, धंदा नाही होत. मराठी माणूस चव ओळखतो म्हणून पहिला येतो, आणि घरी करता येतं म्हणून पहिला जातो. शिवाय सुट्टीत सगळे एकदमच भारतात. माझी कमाई येते ती जर्मन कंपन्यांच्या दुपारच्या जेवणांतून आणि लग्नांतून. जर्मन माणूस किमतीवर वाद घालत नाही. साडेबारा म्हटलं की साडेबाराला हजर पाहिजे, एवढंच. आणि त्याला थालीपीठ आवडतं, हा माझा स्वतःलाच धक्का होता. वर दह्याचा गोळा, बाजूला काकडी. यादीत त्याला 'अनेक धान्यांची मसालेदार भाकरी' म्हणतो, शाकाहारी म्हणून हातोहात जातं.

खवय्या_म्युन्शेन
बरं बाबा, बारा तर बारा. पण चटणी ज्यादा द्या.

तिखटजाळ
लंडनहून. काळा_वाटाणा यांना अनुमोदन. इथलं ठळक उदाहरण म्हणजे लंडनच्या हाउन्स्लो भागातलं श्रीकृष्ण वडापाव. मुंबईत एकत्र शिकलेल्या दोन मित्रांनी मंदीत नोकरी गेल्यावर २०१०मध्ये एका पोलिश आइस्क्रीमच्या दुकानात कोपरा भाड्यानं घेऊन सुरू केलं होतं. आधी स्वतःचं दुकान नाही, दुसऱ्याच्या दुकानातली टेबलं. आज शाखा आहेत आणि रांगेत सगळ्या जातीचे लोक असतात.

ब्रिटनमधलं थोडक्यात : स्किल्ड वर्करवाल्यानं (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यानं) स्वतःचा धंदा करायचा नाही, पण त्याच्या जोडीदाराला करता येतो. म्हणजे तुमच्यासारखंच. अन्नाचा धंदा सुरू करायच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) नोंदणी करायची, ती फुकट असते. घरच्या स्वयंपाकघरातूनही करता येतं, तपासणी होते आणि शून्य ते पाच अशी श्रेणी मिळते. ती श्रेणी लोक ऑर्डर देण्याआधी बघतात, हे लक्षात ठेवा.

सॅनहोजेची_मावशी
आमच्या कॅलिफोर्नियात घरून विकायला २०१३पासून कॉटेज फूडचा कायदा आहे, पण तो कोरड्या, न नासणाऱ्या पदार्थांसाठी. आमटीभाताचा डबा त्यात बसत नाही. त्यासाठी घरगुती खानावळीचा वेगळा कायदा झाला, पण तो लागू करायचा की नाही हे प्रत्येक काउंटी ठरवते. रिव्हरसाइड काउंटीनं आधी केला.

व्हिसाचं म्हणाल तर आमचं दुखणं मोठं. एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) स्वतःच्या कंपनीचे शेअर ठेवता येतात, काम करायचं म्हटलं की पंचाईत. एच-फोरवाल्या (एच-वनवाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावरच्या) बायकांना २०१५पासून कामाचा परवाना मिळतो, तोही नवऱ्याचं ग्रीनकार्डाचं काम एका टप्प्याच्या पुढे गेलं असेल तर. आणि व्यवसायासाठीचा जो ई-टू व्हिसा आहे, तो ज्या देशांशी करार आहे त्यांनाच. भारताशी नाही. पुरणयंत्रबाई, तुमच्या हातातल्या कागदाची किंमत आम्हाला विचारा.

पुरणयंत्र
सगळ्यांचे मनापासून आभार! कार्ड बघितलं. कलमबहाद्दर म्हणाले तीच ओळ आहे. इतके दिवस पाकिटात होती आणि मी वाचलीच नव्हती.

घरमालकाला विचारलं. फार सभ्यपणे 'नाही' म्हणाला. आता गावच्या फुटबॉल क्लबशी बोलणं चालू आहे. कर आणि विमा यावर कुणी सांगेल का? नवऱ्याच्या आरोग्य विम्यात मी फुकट आहे, ते तसंच राहील ना?

हिरवा_चाफा
न्यूर्नबेर्गला एका श्टॉयरबेराटरच्या (कर-सल्लागाराच्या) कचेरीत काम करते. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण लोक कराला घाबरतात आणि बुडतात विम्यात.

नवऱ्याच्या सरकारी विम्यात तुम्ही फुकट आहात, त्याला दोन अटी आहेत. एक, तुमची कमाई ठरावीक मर्यादेच्या आत हवी. २०२५ साली ती महिना ५३५ युरो होती, दरवर्षी थोडी वाढते. कमाई म्हणजे गल्ला नव्हे, खर्च वजा जाता नफा. दोन, धंदा हा तुमचा मुख्य व्यवसाय नसावा. आठवड्याला वीस तासांच्या वर गेलात किंवा नोकर ठेवलात की विमा कंपनी प्रश्न विचारते. यातली एक अट मोडली की तुम्ही स्वतंत्र विमा काढायचा, आणि तिथे नफा कितीही कमी असला तरी किमान हप्ता असतो. दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा धरून तो २०२५ साली महिना अडीचशे युरोंच्या आसपास होता.

आता हिशेब बघा. महिना पाचशे नफा असेल तर सगळे हातात. सातशे झाला तर अडीचशे विम्यात गेले, उरले साडेचारशे. म्हणजे जास्त राबून कमी मिळालं. हा खड्डा उडी मारूनच ओलांडायचा असतो. एक तर मर्यादेत राहून शुक्रवारचा डबा आणि दिवाळी, नाहीतर सरळ दीड-दोन हजार नफ्याचं काम उभं करायचं. मधे रेंगाळू नका. आणि विमा कंपनीला सुरुवातीलाच कळवा. वर्षभरानं कर-निर्धारणाचा कागद त्यांना द्यावाच लागतो, तेव्हा मागची वसुली निघते.

आता कर. गेवर्बे (धंदा) नोंदवलं की फिनान्त्सआम्टचा (कर-कचेरीचा) प्रश्नसंच भरायचा असतो, एल्स्टर नावाच्या सरकारी पोर्टलवर. त्यात अपेक्षित नफा विचारतात. इथे उत्साहाच्या भरात मोठा आकडा लिहू नका, कारण त्यावरच आगाऊ कर ठरतो. त्याच फॉर्ममध्ये 'क्लाइनउंटरनेहमर'चा (छोट्या धंदेवाल्याचा) पर्याय येतो. आधीच्या वर्षी उलाढाल २५ हजार युरोंच्या आत आणि चालू वर्षी एक लाखाच्या आत असली तर गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घ्यायचा नाही आणि भरायचाही नाही. २०२५पासूनचे हे आकडे आहेत. जुन्या लेखांत २२ हजार आणि ५० हजार दिसतील. तुमचं गिऱ्हाईक घरगुती आहे, तुमचा मोठा खर्च म्हणजे स्वतःची मेहनत, तेव्हा हा पर्याय घ्या. एकदा नाकारला तर पाच वर्षं बांधून घेता.

गेवर्बेचा वेगळा कर नफा वर्षाला साडेचोवीस हजारांवर गेला तरच. व्यापारी मंडळाची, म्हणजे आयहाकाची, सदस्यता सक्तीची आहे, पण वर्षाला ५२०० युरोंच्या आत नफा असलेल्या छोट्या नोंदणीला वर्गणी नाही.

नवराबायको एकत्र विवरण भरत असाल तर तुमचा नफा नवऱ्याच्या पगाराच्या डोक्यावर बसतो. म्हणजे पहिल्या युरोपासूनच वरचा दर. आमच्याकडे येणारी जोडपी इथे दचकतात. आणि पहिल्या वर्षी काही कापलं जात नाही म्हणून सगळं आपलंच वाटतं. मग दुसऱ्या वर्षी एकाच लिफाफ्यात मागच्या वर्षाचा कर आणि चालू वर्षाचे आगाऊ हप्ते येतात. हप्त्यांच्या तारखा १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर. नफ्याचा तिसरा हिस्सा दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत चला.

सदाशिवकाका
एक शंका. एक युरोत कंपनी निघते म्हणतात ते खरं का? मुलाच्या मित्राला मी तेच सुचवलं होतं.

हिरवा_चाफा
यूगे (छोटी मर्यादित कंपनी) म्हणतात तिला, काका. भांडवल कागदावर एक युरो चालतं हे खरं. पण नोटरी, कोर्टातली नोंद, दरवर्षी ताळेबंद आणि तो प्रसिद्ध करणं, हे सगळं आलंच. बेराटरचेच वर्षाला हजार-दोन हजार होतात. वर नफ्याचा चौथा हिस्सा दरवर्षी बाजूला ठेवावा लागतो, भांडवल २५ हजार होईपर्यंत. मोठ्या गेएमबेहाला (नेहमीच्या मर्यादित कंपनीला) तेच २५ हजार लागतात, नोंदणीच्या वेळी निम्मे भरले तरी चालतात. आणि 'जबाबदारी मर्यादित' म्हणून कर्ज काढायला गेलात तर बँक तुमची वैयक्तिक हमी मागतेच. डब्याच्या धंद्याला एकट्याच्या नावाची साधी नोंदणी पुरे. त्याऐवजी धंद्याचा दायित्व-विमा मात्र जरूर काढा. कुणाचं पोट बिघडलं, कुणाचा दात शेंगदाण्याच्या खड्यावर तुटला, तर घरदार पणाला लागू नये.

दोन_चाकी
नोंदणीनंतर येणाऱ्या पत्रांबद्दलही कुणीतरी सांगा. माझ्या बायकोनं योगवर्गाची नोंदणी केली आणि लगेच करडा कागद, वर गरुडासारखं काहीतरी, 'नोंदणी रजिस्टर', खाली भरायची रक्कम, सोबत पैसे भरायची चिठ्ठी. ती भरायलाच बसली होती.

हिरवा_चाफा
ते ठरलेलं आहे. खासगी कंपन्या सरकारी दिसणारी पत्रं पाठवतात, बारीक अक्षरांत 'ही ऑफर आहे' असं लिहिलेलं असतं. नवीन नोंदणीवाल्यांची नावं शोधूनच पाठवतात. खरी पत्रं मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात : फिनान्त्सआम्ट, आयहाका आणि धंद्याच्या अपघात-विम्याची संस्था. बाकी कशावरही पैसे भरण्याआधी फोटो काढून एखाद्या जाणत्याला दाखवा. सही तर अजिबात करू नका.

कलमबहाद्दर
भर घालतो. इन्स्टाग्रामवर फराळाचे फोटो टाकून ऑर्डर घेणार असाल तर तिथेही 'इम्प्रेसुम' लागतं, म्हणजे नाव, पूर्ण पत्ता, संपर्क. नसेल तर एखादा प्रतिस्पर्धी वकिलामार्फत नोटीस पाठवतो आणि वकिलाचं बिलही तुम्हालाच जोडतो. आणि डबे, पिशव्या यांच्यासाठी 'लुसिड' नावाच्या पॅकेजिंगच्या नोंदवहीत नाव घालायचं. घाऊक दुकानातून आधीच शुल्क भरलेले डबे विकत घेतलेत तर काम खूप हलकं होतं. पावती मात्र जपून ठेवा.

खवय्या_म्युन्शेन
एक भाबडा प्रश्न. एवढं सगळं करण्यापेक्षा पुण्याहून तयार फराळ मागवून इथे विकला तर?

काळा_वाटाणा
कुरिअरनं भाच्याला पाठवणं वेगळं आणि धंदा वेगळा. दूध-तूप असलेला माल युरोपीय संघाच्या बाहेरून विकण्यासाठी आणायचा तर त्यातलं दूध मान्यताप्राप्त कारखान्यातलं असल्याचे कागद लागतात. बेसनलाडू तिथेच अडकला. प्रवासी सामानातून तर दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायलाच बंदी आहे, पेढेसुद्धा. लोक आणतात ती गोष्ट वेगळी.

तिळाचंही तेच. २०२० साली भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं, तेव्हापासून प्रयोगशाळेचा अहवाल आणि सरकारी दाखल्याशिवाय माल बंदरातून हलत नाही. संक्रांतीच्या वड्यांसाठी मी तीळ इथल्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो. भाव जास्त, झोप शांत.

पुरणयंत्र
क्लबवाले हो म्हणाले! सोमवार संध्याकाळ आणि शुक्रवार दुपार. हिरवा_चाफा, तुमचा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला. असं ठरलंय की पहिलं वर्ष मर्यादेत राहायचं, शुक्रवारी मोजके डबे आणि दिवाळीची आगाऊ नोंदणी. जर्मन कंपन्यांच्या जेवणाची चव लागली तर पुढच्या वर्षी उडी.

गेवर्बेआम्टातल्या बाईंनी 'धंद्याचं स्वरूप' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, तर मी 'भारतीय जेवण शिजवून पोचवणे, तसेच तळलेले भारतीय खाद्यपदार्थ तयार करून विकणे' असं लिहिलं. पाच मिनिटांत शिक्का. भगिनी शहराचा उल्लेख करून बघितला. त्यांनी 'आख, शोन' (अरे वा, छान) म्हणून पैसे घेतले.

आता चिठ्ठ्यांचं सांगा. पाकिटावर काय काय छापायचं? एक मैत्रीण म्हणते, ज्वारीची भाकरी आणि आमटी 'ग्लुटेनमुक्त' म्हणून विकता येईल, जर्मन तुटून पडतील.

काळा_वाटाणा
थांबा! हिंगाची डबी उलटी करून घटक वाचा. बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. आमटीत हिंग पडला की गेलं तुमचं ग्लुटेनमुक्त. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, शोधून घ्या. पण तरीही त्याच ओट्यावर पोळ्या लाटत असाल तर तो शब्द छापू नका. सेलिॲकचा (ग्लुटेन अजिबात न चालणाऱ्या आजाराचा) रुग्ण असला तर ते गमतीचं राहत नाही.

युरोपात चौदा ॲलर्जीकारक घटक सांगणं बंधनकारक आहे. आपल्या स्वयंपाकात त्यातले सहा तर रोजचेच : गहू, दूध, शेंगदाणा, तीळ, मोहरी, काजू. फोडणीत मोहरी आहे हे लिहायला लोक हमखास विसरतात, कारण आपल्याला तो घटक वाटतच नाही. फराळाच्या बंद पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं, ॲलर्जीवाले ठळक, निव्वळ वजन, कधीपर्यंत चांगलं राहील ती तारीख, तुमचं नाव-पत्ता. जर्मनमध्ये. शुक्रवारच्या डब्याला एवढं लागत नाही, पण ॲलर्जीची यादी लेखी हवीच. मी तक्ता करून ठेवलाय, डावीकडे पदार्थ, वर चौदा रकाने, फुल्या मारायच्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.

सॅनहोजेची_मावशी
तक्ता मलाही पाठवा हो, इथे नऊच आहेत पण उपयोगी पडेल.

शांतारामची_सून
आत्ताच सगळा धागा वाचून काढला. आम्ही व्हिएन्नाला आहोत, माझ्याकडे रोट-वाइस-रोट कार्डवाल्याच्या (ऑस्ट्रियातल्या नोकरीच्या परवानेवाल्याच्या) जोडीदाराचं कार्ड आहे. ऑस्ट्रियात केटरिंगला शिक्षण किंवा अनुभवाचा दाखला मागतात असं ऐकलंय. कुणी आहे का तिथलं? वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

कलमबहाद्दर
वेगळा काढा, नाहीतर दोन्ही देशांचे नियम एकमेकांत मिसळतील. ऑस्ट्रियात धंद्यांची 'नियंत्रित' आणि 'मुक्त' अशी विभागणी आहे आणि खानपान नियंत्रितमध्ये येतं, एवढं नक्की. शीर्षकात ऑस्ट्रिया लिहा म्हणजे तिथले लोक येतील.

काळा_वाटाणा
@पुरणयंत्र, सोमवारी चावी घ्यायला जाल तेव्हा क्लबच्या माणसासमोर विजेचं आणि गॅसचं मीटर वाचून कागदावर दोघांच्या सह्या घ्या. भाड्यात वीज धरली आहे का ते करारात लिहून घ्या, तळणाला किती वीज लागते याची त्यांना कल्पना नसते. फ्रिजमध्ये स्वतःचा तापमापक ठेवा, रोजची नोंद ठेवा, सात अंशांच्या वर जाता कामा नये. आणि तळणीचं वापरलेलं तेल त्यांच्या बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या डब्यात साठवा, गोळा करून नेणाऱ्या कंपन्या असतात, त्यांची पावती निरीक्षकाला आवडते. धुराड्याची जाळी शेवटची कधी साफ केली तेही विचारा. नसेल केली तर पहिल्या चकलीच्या आधी करून घ्या.